गोविंदाच्या गुदगुल्या

मी झिरो नंबरचा ब्रश बोलतोय. नंबरच झिरो, तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दुकानदार मला 'खारीच्या शेपटीचा' म्हणून विकायचा. खरं तर मी नायलॉनचा, पण ते ऐकून मी गप्प बसायचो. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

मला विकत घेतलं काळुरामकाकांनी. काकांचं घर अष्टमी गावात, रोह्याच्या पुलापलीकडे. रोज गाडीने पेणला यायचं आणि गणपतीच्या कारखान्यात देवाच्या डोळ्यांची आखणी करायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. आखणी चालू असताना पंखे बंद व्हायचे, माणसं दबक्या आवाजात बोलायची. मला वाटायचं, हा सगळा मान माझाच. देवाला दृष्टी देणारा मी, काका बिचारे फक्त मागून धरतात.

काकांची एक सवय होती. रंग नीट उतरतो का, हे ते आधी गोविंदाच्या हातावर रेघ ओढून बघायचे. गोविंदा झारखंडचा. मूर्ती घासून गुळगुळीत करायची आणि आखणीच्या वेळी मूर्तीचा पाट फिरवायचा, हे त्याचं काम. रेघ ओढली की तो अंग चोरून ओरडायचा, "काका, गुदगुल्या!" कारखाना हसायचा, आणि मग देव डोळे उघडायचे.

यंदाच्या सीझनात एक दिवस काकांनी रेघ ओढली, तर गोविंदा ढिम्म.

"आज हसला नाय रं?"

"कळलंच नाही, काका."

काकांनी मला उजेडात धरलं. "टोक गेलं वाटतं ह्याचं," म्हणाले, आणि सरसाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. संपली माझी ऐट! आता मी म्हातारा झालो, या दुःखात मी इतका बुडालो की गोविंदाच्या हाताकडे माझं लक्षच गेलं नाही. तिथे एक फिकट चट्टा होता. पण आमच्याकडे सगळेच कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे, कोण बघतो? पॉलिश पेपरने त्याची करंगळी सोलली, रक्त मूर्तीला लागलं, तरी त्याला पत्ता नव्हता. लोक वर कौतुक करायचे, "याला दुखतच नाय, दगड हाय दगड!" मी डब्यात बसून जळायचो. माझं कौतुक बंद आणि या दगडाचं चालू.

दरवर्षी आरोग्य केंद्राच्या आशाताई निशिगंधा कुष्ठरोगाच्या तपासणीला घरोघर फिरायच्या. गोविंदाच्या टोळीला घरच नव्हतं, ती कारखान्याच्या माळ्यावर झोपायची. मालक प्रविणशेठ सांगायचे, "सीझन हाय ताई, गणपती झाले की या." गणपती झाले की टोळी गावी! यंदा मात्र ताई जेवणाच्या सुट्टीत थेट माळ्यावर चढल्या. "आता आले, ती बघूनच जाणार."

गोविंदाचा चट्टा त्यांनी ओल्या फडक्याने पुसला. प्लास्टर गेलं, चट्टा राहिला. मग त्यांनी काहीतरी मऊ मागितलं, आणि कुणीतरी डब्यातून मला काढून दिलं.

"डोळे मीट. लागेल तिथं बोट ठेव."

मानेवर फिरवलं, त्याने बोट ठेवलं. दंडावर फिरवलं, ठेवलं. चट्ट्यावर फिरवलं. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. मी लाजेने मेलो.

"तो ब्रश गेलाय गो," काका म्हणाले.

"डोळे मिटा काका," असं म्हणून ताईंनी मला त्यांच्याच हातावर फिरवलं. काका टुणकन उडाले.

"ब्रश नाय गेला, काका."

बाकीच्यांनी आपापल्या चटया हळूच सरकवल्या. प्रविणशेठ म्हणाले, "उद्याच्या गाडीनं गावाला पाठवतो त्याला."

"गावाला गेला की कुष्ठरोगाच्या गोळ्यांत खंड पडेल, शेठ. खंड पडला की हात जाईल. गोळ्या फुकट हायत, आणि सुरू झाल्या की दुसऱ्याला याच्यापासून भीती नाय."

गोविंदा आपल्या हाताकडे बघत होता. "काका, हात राहील ना?"

काकांनी नवा ब्रश काळ्या रंगात बुडवला, नेहमीसारखी गोविंदाच्या हातावर रेघ ओढली, आणि आपल्या अंगठ्याने पुसली. "चल, पाट फिरव रं. गणपती थांबलेत." त्या नव्या ब्रशचा मला हेवा वाटायला हवा होता. पण मला रडू येत होतं.

विसर्जनानंतर टोळी गेली. गोविंदाला काकांनी अष्टमीला आपल्या घरी नेलं. आता तो रोज सरकारी दवाखान्याची गोळी घेतो आणि काकांच्या पडवीत बसून लोकांच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवतो. मीही तिथेच आहे. केस गळलेत, दांडा वाकलाय, रंगाचं काम कोणी देत नाही. दर रविवारी काका मला त्याच्या चट्ट्यावर फिरवतात, आणि दर रविवारी मी नापास होतो.

काल फिरवलं, तर चट्ट्याच्या कडेला गोविंदाचं अंग शहारलं.

"काका, गुदगुल्या!"

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस काय रं?"

डोळे न उघडता त्याने बोट ठेवलं. नेमकं माझ्या टोकावर. काकांनी खात्री करायला मला पुन्हा तिथेच फिरवलं, आणि बोट पुन्हा तिथेच आलं.

तर मंडळी, आता मला खुशाल फेका. फक्त त्याआधी तुमच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा एखादा फिकट चट्टा असेल, तर डोळे मिटून मला त्यावरून एकदा फिरवा. आणि गुदगुल्या झाल्या नाहीत, तर दोष ब्रशला देऊ नका.