खरं की खोटं

मित्रांनो, मी एक जुनी ग्लिसरिनची बाटली आहे. बोटभर उंच, बूच सैल, लेबल कधीच निघालेलं. पण नाटकमंडळीत माझा रुबाब मोठा! आमच्या नायिकेच्या, म्हणजे बाईंच्या गालावर माझे दोन थेंब अश्रू म्हणून चमकले की पहिल्या रांगेतले प्रेक्षक नाक पुसायला लागायचे.

बाईंच्या डोळ्यांत टिपूस म्हणून येत नसे. घसाही सारखा कोरडा. तरी प्रत्येक प्रवेशाआधी तांब्याभर पाणी पिऊन खणखणीत बोलायच्या. "बाई दगडाच्या आहेत," मंडळी हसायची. मी आपली फुशारायचे.

एका दुपारच्या प्रयोगात राणी झालेल्या बाई पडल्या. पडायचं होतंच, पण नंतर उठायचंही होतं.

"पाय हलत नाहीत हो!"

"हे वाक्य आपलं नाही, पण राहू दे, झकास आहे!" विंगेतून दिग्दर्शक कुजबुजले.

"अहो, हातही उचलेना! खरंच सांगते!"

टाळ्यांचा कडकडाट. बाई रडायला लागल्या. गाल कोरडे ठणठणीत. "बघा, सोंग," राजा पुटपुटला. तरी बाईंनी पडल्यापडल्या शेवटचा संवाद एक अक्षर न चुकता संपवला. काय बाई ती!

पडदा पडल्यावरही त्या उठेनात, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. विंगेत पुस्तक धरून विसरलेले संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरकाकांनी त्यांना सिंहासनासकट दवाखान्यात नेलं. मुकुट डोक्यावर, मी कमरेच्या बटव्यात.

रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं. बटवा काढताना डॉक्टरताईंना मी सापडले.

"ही कशाला?"

"बाईंना रडू येतं, पाणी येत नाही," काका म्हणाले. "पाच वर्षं झाली."

"आणि तोंडही कोरडं पडतं?"

"तांब्या हातातून सुटत नाही!"

तपासण्यांतून कळलं, बाईंच्या शरीराचं रोगांशी लढणारं सैन्य स्वतःच्याच माणसांवर उलटलं होतं. अश्रू आटवले, लाळ आटवली, मग मूत्रपिंडावर चालून गेलं. पोटॅशियम लघवीवाटे गळत राहिलं आणि स्नायू लुळे पडले. म्हणजे मी इतकी वर्षं आजारच झाकत होते! बूच लाजेनं उडायचं बाकी राहिलं.

सलाइनमधून पोटॅशियम गेलं. दुसऱ्या दिवशी बोटं हलली, चौथ्या दिवशी बाई चालल्या. राणीसारख्याच. औषधं मात्र कायमची.

पुढच्या प्रयोगात बाई ठरल्याप्रमाणे पडल्या. काका पुस्तक फेकून थेट रंगमंचावर!

"बाई, खरं की खोटं?"

"खोटं हो! आत जा!"

हसून हसून प्रेक्षकांची मुरकुंडी वळली.

आता बाईंच्या डोळ्यांत डॉक्टरांचे थेंब असतात, मी पेटीच्या कोपऱ्यात. पण मित्रांनो, कुणी कोरड्या डोळ्यांनी रडलं, तर सोंग म्हणू नका. काकांसारखं धावत जाऊन विचारा. फार तर नाटक पडेल. माणूस तरी उठेल.