मरून राहिली

प्रिय मंडळी,
तुमच्या प्रार्थनांमुळे मी आता बरी आहे. काल इथे एक

एवढ्यावर पत्र तुटलं. पेन चालत होतं, पण मारितच्या उजव्या हाताची बोटं अजून धड मिटत नव्हती, आणि ‘एक’च्या पुढं काय लिहावं तेही तिला ठरवता येईना. एक चमत्कार? एक म्हातारी? एक चूक?

तेव्हा आधी कालचं सांगू, पत्राचं मग पाहू.

नवेगाव बांधहून केशोरीकडं जाताना रस्त्यालगत मिशनचा कौलारू दवाखाना आहे. साल २००६, महिना भादवा. त्या वर्षी सगळा मुलूख सांध्यांच्या तापानं लंगडत होता. भातशेतांच्या बांधीवर माणसं काठी टेकत जात आणि उतरताना आईला हाक मारत. मारित बावीस वर्षांची. नॉर्वेमधल्या एका लहानशा चर्चनं तिला सेवेसाठी पाठवलेली. तीन महिने पुण्यात मराठी शिकली, मग इथं आली, आणि आल्या आठवड्यातच ताप घेऊन जी पडली ती वीस दिवस. सेवा करायला आलेल्या पोरीचीच सेवा करावी लागली. तोंडात घास भरवायला, केस विंचरायला दवाखान्याची रामबाई. रामबाईनं तिचं नाव ‘मारोतीबाई’ करून टाकलं होतं. ‘मारित’ म्हणायला जीभ वळत नव्हती असं नाही. पण बिछान्यात पडून खाणाऱ्या मारोतीची तिला गंमत वाटे. आणि परदेशी माणसाशी हिंदीतच बोलायचं असतं, असा रामबाईचा पक्का समज. दवाखान्याची नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, ती इंग्रजीत बोले. त्यामुळं या गावाची मराठी मारितच्या कानावर पडली ती भिंतीपलीकडून, तापात.

तिच्या वहीत, पुण्याच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणं, नीट अक्षरात:

राहणे: वास्तव्य करणे, उरणे. मी पुण्यात राहते. भाजी राहिली.

काल सिस्टर औषधं आणायला एसटीनं गोंदियाला गेली होती. रामबाई तलावावर धुणं घेऊन. मारित एकटी, व्हरांड्यात, गरम पाण्याच्या पातेल्यात बोटं बुडवून. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली असताना एक माणूस आला. जंगलखात्याच्या कामावर जाणारा, अंगानं सुका, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. सहा किलोमीटर चालत आला होता. पायरीवर बसला. आधी श्वास घेतला, मग म्हणाला,

“माय मरून राहिली, बाई.”

गोंडीत जन्मलेला माणूस मराठीत बोलला. नॉर्वेत जन्मलेली मुलगी पुण्याच्या मराठीत ऐकत होती. तिनं मनातल्या मनात शब्द सुटे केले. माय म्हणजे आई. मरून म्हणजे मेल्यावर. राहिली म्हणजे उरली. आई मेली आणि तशीच राहिली. घरी. एकटी. आणि हा केवढा शांत.

तिचे डोळे भरून आले. तीन आठवडे बिछान्यात ती हीच मागणी करत होती, की प्रभू, मला कोणाच्या तरी कामी येऊ दे. आणि आता तिच्या पायरीशी दुःखी माणूस होता, दुसरं कोणी नव्हतं, आणि काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिनं पाणी दिलं. त्याचं नाव विचारलं. सुकराम. आईचं? लीलाबाई.

“गाडी,” सुकराम म्हणाला.

गाडी म्हणजे प्रेत न्यायला, असं ती समजली. “हो, गाडी नंतर,” ती हळुवारपणे म्हणाली. “आधी प्रार्थना.”

सुकरामनं मान डोलावली. ह्या दवाखान्याची रीत त्याला माहीत होती. सिस्टर सुईसुद्धा प्रार्थनेशिवाय टोचत नसे. मोठ्या दुखण्याला मोठी प्रार्थना असेल. तो हात जोडून बसला.

मारितनं प्रार्थनेचं पुस्तक आणलं आणि मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेचं पान उघडलं. जोडाक्षरं अडत होती, आणि त्या पुस्तकी मराठीतलं सुकरामला आईचं नाव तेवढं कळत होतं. हे प्रभू, तुझी दासी लीलाबाई हे जग सोडून गेली आहे. पान उलटायला बोटं वळेनात, तर सुकरामनं पुढं होऊन पान उलटून दिलं. दोनदा. तिसऱ्यांदाही.

(ह्या जागी गोष्ट सांगणाऱ्यानं घाई करावी असं वाटतं. पण त्या दोघांनी केली नाही.)

बारा वाजून चाळीस मिनिटांनी रामबाई धुण्याची टोपली घेऊन आली.

“काऊन रे सुकराम, इथं बसून कायले राहिलास?”

“माय मरून राहिली.”

“कवापासून?”

“सकारपासून. हगवन लागली न ओकून राहिली. आता डोरे उघडत नाई.”

“मंग तू का करून राहिलास?”

“बाई परार्थना करून राहिली. सरली का गाडी निघन.”

मारितच्या कानात एकच शब्द अडकला होता. कवापासून. मरणाला ‘कधी’ असतं. ‘कधीपासून’ कसं असेल?

रामबाईनं टोपली खाली ठेवली आणि पुस्तकात डोकावली. तिला वाचता येत होतं. पानाच्या माथ्यावर काय छापलंय ते तिनं वाचलं, आणि मग मारितकडं असं पाहिलं की ती नजर पत्रात लिहिता येणं शक्यच नाही.

“मारोतीबाई, बुढ्ढी जिंदा है,” ती म्हणाली. “अब उठो.”

दवाखान्याची जीप मागंच उभी होती. ड्रायव्हर दुधराम जीपमध्येच झोपला होता. पूर्ण अर्धा तास.

प्रिय मंडळी,
काल एका म्हातारीला वेळेवर

हेही खोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावता लावता डॉक्टर म्हणाला होता, “आणखी अर्धा तास लावला असता तर बुढी गेली असती.” सुकरामनं डॉक्टरचे पाय धरले, मग मारितचे धरायला आला. ती मागं सरकली. ‘आणखी’ हा शब्द तिनं रात्रभर वहीत शोधला. अर्थ ठाऊक असूनही शोधला.

पुढचे अकरा दिवस ती कामाला लागली ती अशी, की कोणी थांब म्हणेना. ताप मोजला, फरशी पुसली, पाण्याचे हंडे उचलले. बोटं सुजली. रोज दुधरामला एकच विचारायची: लीलाबाई? तो म्हणायचा, “जगून राहिली.” हे ती वहीत लिहायची, पुढं अर्थ: जगते आहे. खाऊन राहिली. बसून राहिली. भांडून राहिली. सिस्टरनं तिला समजावलं, चूक कोणाकडूनही होते, प्रभू क्षमा करतो. मारित हो म्हणाली. ती इतकी थकली होती की क्षमा आली तरी ती ठेवायची कुठं, हा प्रश्नच होता.

बाराव्या दिवशी लीलाबाई स्वतः आली. सुकरामनं मागून आणलेल्या सायकलवर आणून सोडली आणि कामाला गेला. काठी टेकत म्हातारी चढली आणि नेमकी त्याच पायरीवर बसली.

“मारोती तू होय का वो पोरी?”

“हो.”

“मले मेली म्हून परार्थना केलीस म्हनते.”

मारितनं मान हलवली. तिनं हे वाक्य अकरा दिवस पाठ केलं होतं. “माझी चूक झाली, आजी. मला वाटलं, तुम्ही मेल्या. तुम्ही मरून राहिल्या होत्या.”

“नाई मेली, दिसते ना तुले,” म्हातारी म्हणाली. “पन सिस्टर सांगते, तुहा देव वहीत नावं लिवते. माहं नाव मेलेल्यात लिवलं अशीन त्यानं. तूच सांगितलं ना. आता खोड म्हन त्याले.”

“आजी, देव असं करत नाही. त्याला खरं माहीत असतं.”

“तुले का माहीत? तुले माह्या पोराचं बोलनं समजलं नाई, देवाचं समजते?”

रामबाई दारात उभी राहून तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण निवडणं थांबलं.

मारितनं पुस्तक चाळलं. जन्माची प्रार्थना होती, लग्नाची होती, प्रवासाला निघणाऱ्याची होती, मेलेल्याची होती. मेली नाही असं सांगायची नव्हती. शेवटी तिनं तेच पान काढलं, पेन घेतलं, छापील ओळीवर आडवी रेघ ओढली आणि वर नवी लिहिली. देवाच्या पुस्तकात तिनं आयुष्यात कधी रेघ ओढली नव्हती. बोट ठणकलं.

“हे प्रभू,” ती सावकाश वाचू लागली, “तुझी दासी लीलाबाई ह्या जगात राहून राहिली आहे.”

“आहे कायले पायजे?” म्हातारी म्हणाली. “राहून राहिली. झालं.”

मारितनं ‘आहे’ खोडलं.

“तिचा आत्मा आम्ही तुझ्या हाती” इथं ती अडली. सोपवतो? मग परत तेच होईल.

“नोको देऊस,” रामबाई दारातून म्हणाली. मारितशी मराठीत ती प्रथमच बोलली. “तिच्यापासीच राहू दे म्हन.”

राहू दे, असं लिहिलं. एकेका ओळीला वेळ लागत होता. दुपार तापली, बांधीतल्या धानावरचा वारा पडला. कबरेची ओळ होती, ती सबंधच गाळली. मातीची होती, तिथं रामबाईनं ‘माती’च्या जागी ‘धान’ सुचवलं; त्यात काही अर्थ निघेना, तरी लिहिलं. तीन पानं झाली. मारितचा आवाज बसला. चौथं पान उलटायचं, तर बोटं वळेनात. मदतीसाठी तिनं खाली पाहिलं.

लीलाबाईची मान खांबाला टेकलेली. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. हातातली काठी घसरून पायरीवर आडवी झालेली.

मारित वाकली. म्हातारीच्या लुगड्याचा पदर छातीशी हलतो का ते पाहत राहिली. उन्हात नीट दिसेना. रामबाईला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण कोणतं क्रियापद वापरावं ते तिला सुचेना.

“झोपून राहिली,” डोळे न उघडता लीलाबाई म्हणाली. “मेली नाई. तू वाच.”