कोऱ्या वहीची चौकी

ब्याऐंशी साली शहर वाढलं तशी पोलीसखात्याची नव्याने मांडामांड झाली आणि तळवली फाट्यावरच्या एकखोली चौकीत कागद येऊन पडला. महिनाअखेरीस पाहणी; सहा महिन्यांत एकही तक्रार नोंदलेली नसेल ती चौकी बंद, हवालदाराची बदली लांबच्या मोऱ्याला.

शिवराम हवालदारांनी वही उघडली. कोरी. भांडणं होत नव्हती असं नाही, पण हवालदार दोन्ही पक्षांना एका बाकावर बसवत, चहा पाजत आणि कप रिकामे होईपर्यंत एक अक्षर बोलत नसत. एवढी शांतता कोणालाच सोसत नसे. तिसऱ्या घोटाला तडजोड. मग लिहायचं काय?

नऊ वर्षं अशी गेली होती. फाटा सोडायला त्यांचं मन घेईना.

मासळीवाल्या बयाबाईने त्यांचा उतरलेला चेहरा बघून सगळं काढून घेतलं आणि नव्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांच्या कानावर घातलं. कागदात 'जनतेचे सहकार्य' असेही शब्द होते. जनतेने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी चौकीसमोर रांग.

"लिवा दादा, माजी कोंबरी चोरली," बयाबाई म्हणाली.

"कोणी?"

"या नंदकिशोर सायबानी."

नंदकिशोर जन्माचे शाकाहारी. तरी ते पुढे सरकले. "बरं, लिहा. पण माझीपण घ्या. हिने मला जाहीर शिवी दिली."

"कंची दिली?" बयाबाईने चौकशी केली.

"ते तुम्ही ठरवा, बाई."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस तक्रारी झाल्या.

वरिष्ठ हादरले. एवढासा फाटा आणि एवढी गुन्हेगारी! चौकी राहिली, वर फौजदार आला, चार शिपाई आले. आणि मुलूख हाताबाहेर जाऊ दिल्याबद्दल शिवराम हवालदार मोऱ्याला गेले.

फौजदाराने तपासाला हात घातला. कोंबडीचा रंग? "त्या शिवरामदादाला ठावं हाय," बयाबाई म्हणाली. शिवी कोणती? "हवालदारांसमोरच दिली, त्यांना विचारा," नंदकिशोर म्हणाले. एकेचाळीस प्रकरणं, माहितगार एकच. पंधरा दिवसांत फौजदाराने हात टेकले आणि तपास पुरा होईपर्यंत हवालदारांना परत मागवलं.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

शिवरामांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर बयाबाई शिपायाला सांगत होती, कोंबड्या बहुतेक दोन होत्या.

"वेळ लागेल, साहेब," ते म्हणाले. "लोकांना नीट आठवू दे."