सत्काराची तलवार

"तात्या, मान हलवू नका. फेटा सुटतोय," गोरक्ष म्हणाला आणि त्याने चुलत्याच्या डोक्याभोवती आणखी एक वेढा आवळला.

गेनूला खिडकीतून बाहेर बघायचं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि खुर्च्या भरत आल्या होत्या. फाटकावरच्या फ्लेक्सवर 'निर्दोष वीरांचा भव्य सत्कार' या अक्षरांखाली त्याचा फोटो होता. तो आधार कार्डावरून उचललेला असल्यामुळे निर्दोषपणा त्यात शोधावा लागत होता. शेजारी त्याच्या दुप्पट आकाराचा गोरक्ष, काळा चष्मा लावून, मोबाइल कानाला. रस्त्याच्या मोजणीविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी गोरक्ष दहावीचा पेपर देत होता. आता चाकणच्या कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवत होता आणि गावाला पुढारीपण.

निकाल लागून आठवडा झाला होता. सरकारी रस्त्याच्या मोजणीच्या वेळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन पोलिसांवर चाल केली, असा गुन्हा गावातल्या अकरा जणांवर होता. कोण नेमका कुठे, काय घेऊन उभा होता हे सिद्ध होत नाही, असं म्हणून कोर्टाने सगळ्यांना सोडलं. गावाला मात्र ते पक्कं ठाऊक होतं, आणि निकालानंतर तर रोज नवीन आठवत होतं. केस चालू असताना या अकरा घरांत सोयरीक करायला लोक कचरत. आता 'आमीबी व्हतो की' म्हणणारे इतके निघाले होते, की त्या दिवशी मोजणीवाल्यांना उभं राहायला जागा कशी मिळाली, हेच नवल.

गेनूच्या हातात त्या दिवशी विळा होता. तो गवत कापून परतत होता हे खरं, आणि गर्दीत शिरताना त्याने विळा खाली ठेवला नाही, हेही खरं.

"गोरक्ष, भाषनात हवालदाराबद्दल दोन शब्द बोलू का?" त्याने विचारलं.

गोरक्षचा हात फेट्यावरच थांबला. "कशाला तात्या? आपण लढून सुटलो. पब्लिकला तेच ऐकायचंय."

"त्यानं खरं सांगितलं म्हनून सुटलो."

"सगळ्यांना माहितेय काय ते. सेटिंग झाली होती."

"कसली सेटिंग? कोनी केली?"

गोरक्ष जरा लाजला. "मीच सांगितलं लोकांना, साक्षीदाराचं बघून घेतलं म्हणून. तसं काही नाही ओ. पण म्हणावं लागतं."

गेनूने मान हलवली आणि फेटा सुटला.

हवालदार साहेबराव मूळचे परभणीकडचे. त्या दिवशी दगड लागला तो त्यांच्याच भुवईवर. जखमेनंतर हलकं काम म्हणून त्यांना कोर्टाची ड्यूटी मिळाली, आणि मग प्रत्येक तारखेला ज्याचं डोकं फुटलं तो आणि ज्याच्यावर फोडल्याचा आळ तो कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसू लागले. पहिल्या वर्षी बोलणं नव्हतं. दुसऱ्या वर्षी गवराबाईने, म्हणजे गेनूच्या बायकोने, भाकरीचं फडकं सोडलं आणि हवालदारांपुढेही एक भाकरी सरकवली. एका उन्हाळ्यात गावाकडची एसटी चुकली, तर साहेबराव गेनूला आपल्या मोटरसायकलवर घेऊन आले. आरोपीला पोलीस घरी आणून सोडतोय, हे बघायला अर्धी आळी बाहेर आली होती. मागच्या दिवाळीनंतर गेनूचा मोतीबिंदू काढला, तेव्हा औषधाचे थेंब घातले का, हे विचारायला त्यांचा रोज फोन यायचा.

साक्षीत ते म्हणाले, दगड कोणी मारला ते मला दिसलं नाही. दिसलं नव्हतंच. पण आता निवृत्तीनंतर शहरात, थेरगावात ज्या सोसायटीत ते राहत होते, तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज मेसेज पडत होते. हत्यारं घेऊन पोलिसांच्या अंगावर जाणारे मोकाट सुटतात, मग सामान्य माणसाने करायचं काय? हे एक वेळ रास्त होतं. त्याखाली कुणी तरी लिहिलं, साक्षीदाराचा भाव काय निघाला? सकाळी बरोबर फिरायला येणारे दोघे वेगळ्या वाटेने फिरू लागले. हे साहेबरावांनी फोनवर हसत सांगितलं होतं, पण हसू मध्येच संपलं होतं. थेरगाव आणि गेनूचं गाव यांचं एरवी कशावर एकमत झालं नसतं. ते या एका बाबतीत झालं होतं.

गेनूला ते लागलं होतं. स्टेजवरून खरं सांगितलं, तर आरोपीच गुण गातोय म्हणून थेरगाव आणखी हसणार. गप्प बसलं, तर गोरक्षची सेटिंग खरी ठरणार. त्याने सकाळीच फोन केला होता.

"हवालदार, आज येऊ नका. फोटो निघतील. तुमच्या मानसांला आयतंच मिळंल."

"बरं," साहेबराव म्हणाले होते.

फेटा दुसऱ्यांदा बांधून गेनू स्टेजवर गेला आणि पहिलीच नजर मागच्या रांगेवर पडली. कानापर्यंत टोपी ओढून साहेबराव बसले होते. शेजारच्या खुर्चीवर गवराबाई, पदर सावरत, पाहुण्याला चहा मिळाला का बघत. ओळख दाखवायची नाही म्हणून गेनूने झटकन मान वळवली आणि भलत्याच माणसाला नमस्कार केला.

शाल झाली, नारळ झाला. मग गोरक्षने माइक घेतला. "आता आपल्या भागाच्या रिवाजाप्रमाणे!" एकाने लाल मखमलीतून तलवार काढली. वाढदिवस असो, निवडणूक असो, गावात सत्कार म्हटला की तलवार आलीच. सशस्त्र दंगलीच्या आरोपातून सुटलेल्या माणसाला ती द्यावी की नाही, हा विचार करायला कुणाला सुचलं नव्हतं. ती गेनूच्या हातात आली.

"तात्या, वर धरा! फोटो!"

गेनूने ती छातीपर्यंत उचलली.

"गेनूभाऊ! खाली घ्या ते!"

तो आवाज पोलिसाचाच होता. साहेबराव खुर्च्यांमधून वाट काढत तरातरा पुढे आले.

"परवाना आहे का याचा? आयोजक कोण?"

स्टेजवर मघापासून उभं राहायला जागा नव्हती. ती आता झाली. गोरक्षने माइक हळूच टेबलावर ठेवला.

"काका, धार नाहीये ओ तिला."

"ते कोर्टात सांगा. तुम्हाला सवय आहे."

कुणी तरी फिसकन हसलं. मागून एकजण ओरडला, "अरे, हा तर आपला मॅनेज झालेला हवालदार!"

"मॅनेज झालेला असता तर असा वरडला असता व्हय रे?" गवराबाई जागेवरूनच म्हणाली.

साहेबराव पायऱ्या चढून गेनूसमोर उभे राहिले. जवळून त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. ते पुटपुटले, "दुसरी केस लावून घेता का? अन् डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलं होतं ना?"

गेनूने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. एकेक करून मांडवात मोबाइल वर येत होते. पहिल्या रांगेतला एक पोरगा तर खुर्चीवर चढला होता. मग गेनूने दोन्ही हातांनी मूठ धरली आणि तलवार चांगली डोक्याच्या वर नेली.

"काय करताय? द्या इकडं!"

"देत न्हाई!" गेनू सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. मग ओठ न हलवता म्हणाला, "हवालदार, जरा जोरात दटावा. समदी शूटिंग करत्यात. थेरगावात दिसाया पायजे."

साहेबरावांनी त्याच्याकडे पाहिलं. जुन्या जखमेची भुवई किंचित वर गेली.

"सोडा म्हणतो ना!" ते गरजले आणि त्यांनी मूठ पकडली.

गेनूने लगेच सोडली नाही. खुर्चीवरच्या पोराचा मोबाइल नीट रोखला जाईपर्यंत त्याने धरून ठेवली.