मोकळेरावांचा कळप

"हे कोणाला खरं वाटणार नाही, तुलाही नाही," मोकळेराव भाचीला म्हणाले, "पण मागच्या वर्षी धुकं असं पडलं की मला माझाच हात दिसेना. काठी आपटली तर आवाजसुद्धा धुक्यात अडकून बसला. तेव्हा सगळा कळप खाली कोणी आणला? हिने!"

त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. कुंपणात एक गुबगुबीत मेंढी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मुकादमिणीची मुलगी. कळपाच्या पुढे चालायची ना ती म्हातारी मेंढी, तिची. अगदी आईवर गेली आहे. पुढचा दगड आधी खुराने ठोकून बघायची. पोकळ वाजला की मागे वळून असे डोळे वटारायची, की मेंढेसुद्धा ओळीत उभे राहायचे. मी तिची शेपटी धरून खाली आलो."

"मामा, मेंढीची शेपटी ती केवढी! धरणार काय?"

"तेव्हा लांब होती. माझं वजन पेलून पेलून तुटायला आली, म्हणून कापली."

"अहो, धुकं जरा आवरा," ओट्यापाशी भांडी घासत मामी म्हणाली. "घरात शिरलंय."

भाची खळखळून हसली. मोकळेरावही हसले, पण मामीच्या पाठीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मोकळेराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर मेंढ्या डोंगरावर चारल्या आणि जन्मभर "जनावर मोकळंच हवं" हे एकच पालुपद लावलं, म्हणून गावाने ते चिकटवलं. भाची त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीचा जुना कळप रोगाच्या साथीत मेला होता. आता भाचीकडे होत्या त्या सगळ्या कोवळ्या, परमुलखातून आणलेल्या मेंढ्या. अशा मेंढ्या एकट्या वर नेत नाहीत. पहिलं वर्ष त्यांना एखाद्या जुन्या कळपाच्या मागे घालतात. कुठला उतार घसरतो, कुठलं झुडूप पोट फुगवतं, पाणी कुठे उरतं, हे जुन्या मेंढ्या चालून दाखवतात आणि नव्या बघून शिकतात. माणसाला ते शिकवता येत नाही. म्हणून भाचीने मामाला विचारलं होतं, "तुमच्या मेंढ्यांमागे माझ्या घालू का?" आणि मामा म्हणाले होते, "वेडी का तू? हे काय विचारणं झालं!"

तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण जीभ वळली नाही.

मोकळेरावांचा मेहुणा, म्हणजे मामीचा भाऊ, गावाबाहेर शेड चालवायचा. वर पत्रा, मधोमध लांबलचक गव्हाण, दोन वेळा पेंड, नळाचं पाणी. मोकळेराव त्याला सगळ्यांसमोर सोलायचे. "तुझ्याकडे चारा जनावराकडे येतो. माझ्याकडे जनावर चाऱ्याकडे जातं. मधलं ते चालणं आहे ना, तीच त्यांची शाळा. तुझी जनावरं नुसती वाढतात रे, जगत नाहीत!"

"शिकून करायचंय काय त्यांना, दाजी?" मेहुणा हसायचा. "नोकरीला का लावायची आहेत?"

मेहुण्याचं काही चुकत नव्हतं. त्याची जनावरं धडधाकट होती आणि तो ती डोंगरावरची म्हणून कधी खपवत नव्हता.

मग थंडीत मोकळेरावांचे गुडघे बोलायला लागले. चढ सोडाच, घराची पायरी जड झाली. मेहुणा टोमणा न मारता म्हणाला, "माझ्या पद्धतीने ठेवा की घरीच. पण दाजी, म्हाताऱ्या ठेवू नका. गव्हाणीवर त्या परवडत नाहीत." खरंच होतं. डोंगरावर जी म्हातारी मेंढी सगळ्या कळपाची आठवण असते, तीच गव्हाणीपाशी नुसतं खाणारं तोंड असते. जुन्या सगळ्या मेंढ्या मोकळेरावांनी विकून टाकल्या आणि मेहुण्याकडच्या, शेडमध्येच जन्मलेल्या, तरण्या मेंढ्या आणल्या.

जुन्या मेंढ्या न्यायला गाडी आली त्या दिवशी ते घरात रेडिओ मोठा लावून बसले होते. मुकादमीण गाडीच्या फळीवर अडली. ढकललं, ओढलं, तरी पुढे जाईना, कारण धन्याची हाक आल्याशिवाय अनोळखी वाटेवर पाय टाकायचा नाही ही तिची जुनी सवय. शेवटी मेहुण्याने दारावर थाप मारली. मोकळेरावांनी दार उघडलं नाही. आतूनच हाक मारली. ती चढली.

त्या हाकेबद्दल मामी आजवर एक शब्द बोलली नव्हती. चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चला मामा," भाची उठली. "आधी इथल्या उतारावर एकत्र सोडून बघू. उद्या कड्याची वाट धरू."

कड्याची वाट म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. पुढची मेंढी जिथे पाय टाकेल तिथेच मागची टाकते. मोकळेरावांना 'पोरी, थांब,' एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "चल की! बघच आता तमाशा."

फाटक उघडलं. भाचीच्या कोवळ्या मेंढ्या आधीच उतारावर पांगून गवत ओरबाडत होत्या. मोकळेरावांचा कळप फाटकापर्यंत आला आणि थबकला. समोर गुडघाभर गवत. एकीनेही मान खाली घातली नाही. मुकादमिणीची म्हणवलेली मुलगी गवताकडे पाठ करून परत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"यांना झालंय काय?" भाचीने विचारलं.

"शिस्त!" मोकळेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "पाहुण्यांचं आधी, मग आपलं. आईचंच वळण."

तेवढ्यात मामी मागच्या दारातून रिकामी बादली घेऊन आली. नवऱ्याकडे न बघता तिने ती फरशीवर ठेवली. खण्णकन आवाज झाला.

आणि सगळा कळप उधळला. मेंढ्या एकमेकींच्या अंगावरून, एक तर भाचीच्या पायांमधून, धावत सुटल्या आणि मामीभोवती गोळा होऊन अशा ओरडू लागल्या की बाकी काही ऐकू येईना. मग, बादलीत काही नाही म्हटल्यावर, भिंतीच्या कडेने गव्हाणीला लागावं तशा खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहिल्या.

"बघितलंस?" मोकळेराव ओरडले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "मागच्या वर्षी वणवा लागला होता वर. तेव्हापासून मीच शिकवलंय त्यांना, बादली वाजली की धावायचं. पाणी तोंडात धरून विझवला त्यांनी वणवा! हिने तर तीन खेपा..."

भाची हसली नाही. ती मुकादमिणीच्या त्या मुलीपाशी गेली, वाकली आणि तिचा पाय उचलून बघितला. खूर पुढे वाढून चपलेच्या टोकासारखा वळला होता. त्याला दगड कधी लागलाच नव्हता. तिने पाय हळूच खाली ठेवला. आता मोकळेरावांना कुठेही बघता येत होतं, फक्त तिच्याकडे नाही.

"मामा, खोटं बोलताय तुम्ही," भाची म्हणाली. "या मेंढ्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही. उद्या मी माझी जनावरं यांच्या मागे कड्यावर घातली असती, आणि तुम्ही मला घालू दिली असती."