सात किलोंचा फरक

“अहो काका, सात किलो म्हणजे काय, एक मोठं कलिंगड!” मिलूद वजनकाट्याकडे हात उडवत म्हणाला. “तेवढ्यानं काय माणूस मरतो?”

अल्जीरियातल्या मोस्तागानेमच्या त्या व्यायामशाळेत सगळे हसले. जेलुलकाका हसले नाहीत. तरुण मुष्टियोद्धा बेनौदाचा ठरलेला प्रतिस्पर्धी आलाच नव्हता. तिकिटं विकून झाली होती, म्हणून लढती भरवणाऱ्या मिलूदनं ओरान शहरातला, त्याच्याहून सात किलो जड असा एक दांडगा गडी समोर आणून उभा केला होता. काका गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी एक होते. बंदरात मासळीच्या पेट्या उचलून झिजलेली पाठ घेऊन ते कित्येक वर्षं हे काम करत आले होते.

“नाही म्हण,” ते बेनौदाला हळूच म्हणाले.

“नाही म्हटलं तर पुढं मला कोण बोलावणार, काका? तुम्ही फक्त खरे गुण द्या.”

त्यांनी खरेच दिले. ओरानवाल्याचा ठोसा नुसत्या हातमोज्यांवर आदळला, तरी बेनौदा दोरांपर्यंत फरफटायचा आणि लोक आरोळ्या ठोकायचे. पण अडवलेल्या ठोशाला गुण नसतो. बेनौदाचे ठोसे हलके होते, मात्र ते नेमके तोंडावर बसत होते. बाकीच्या दोन पंचांची मतं दोन दिशांना गेली. काकांच्या मतावर बेनौदा जिंकला.

त्यानं आदरानं काकांच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मागून मिलूद ओरडला, “बघा! वजनात काही नसतं. खुद्द काकांनीच निकाल दिलाय!”

“मी लढतीचा निकाल दिला, वजनाचा नाही,” काका म्हणाले. त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या लढतीसाठी मिलूदनं आणखी जड गडी शोधला. काका बेनौदाच्या घरी गेले. त्याच्या आईनं कॉफी आणून ठेवली आणि ती दाराशीच उभी राहिली.

“जिंकलास, पण अंगावर काय काय झेललंस ते मी बघत होतो,” काका म्हणाले. “त्याचे गुण कुणी मांडत नाही रे.”

“मग हरवायचं होतंत मला!”

हा विचार काकांना शिवला नव्हता असं नाही. त्या दिवशी हात जरा आखडता घेतला असता, तर पोरगा आज आपल्या वजनाच्या गड्याशी खेळत असता. पण पुन्हा तीच लढत समोर आली असती, तर त्यांनी पुन्हा तेच गुण दिले असते.

तिथून ते मिलूदकडे गेले. “या लढतीला मी बसणार नाही.”

“नका बसू. पंच काय, पुष्कळ मिळतात.”

मिळालाही. दुसऱ्या फेरीत एक ठोसा बेनौदाच्या डाव्या कानशिलावर बसला. गुण मोजायची वेळच आली नाही.

रमजान उलटल्यावर एका सकाळी बेनौदा काकांना कॉफीच्या दुकानात दिसला. जरा वाळला होता. काका त्याच्या डाव्या हाताला बसले आणि बंदरातल्या गमतीजमती सांगू लागले. बेनौदा मान डोलावत होता, हसत होता. हसण्यासारखं काही नव्हतं तिथंही हसला.

काका उठले, खुर्ची उचलून त्याच्या उजवीकडे नेऊन मांडली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.