भरल्या हौद्याची रेघ

आलोशियसने पट्टी दोन बोटांवर तोलली, एक डोळा मिटून तिच्या धारेवरून पाहिलं आणि म्हणाला, "टोक गेलंय. बोटभर कापावं लागेल. एकदाच कापता येईल, दिनानाथ. अशी दुसरी पट्टी आता जगात नाही."

दिनानाथला ते ठाऊक होतं. या पट्टीपायी त्याने सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, अठ्ठावन्न सालचा पिकअप ट्रक गास गावातल्या वाडीत आंब्याखाली उभा होता. या ट्रकने तीस वर्षं केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या दादरला नेल्या. दोन्ही बाजूंना दारापासून शेपटीपर्यंत चकचकीत स्टीलची पट्टी होती. उजवीकडची अण्णांनीच एकदा कुंपणाच्या खांबाला अर्पण केली. डावीकडची त्यांच्या पश्चात रंगकामासाठी उतरवली, तेव्हा दाराचा तुकडा दाराबरोबर राहिला आणि मागच्या हौद्याचा लांब तुकडा पडवीत गेला. नेमकी त्याच आठवड्यात वाटणी झाली. कागदावर लिहिलं गेलं: ट्रक दिनानाथचा, पडवीतलं सुटं सामान जितेंद्रचं. दिनानाथने पट्टी मागितली. जितेंद्र म्हणाला, "दादा, कागदात बघ." विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांना 'कागदात बघा' सांगणाऱ्या दिनानाथला हे वाक्य पहिल्यांदाच ऐकावं लागलं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

मधल्या काळात जितेंद्रच्या बायकोने, अश्लेषाने, त्या पट्टीवर खिडकीचा पडदा लावला. भिंतीत खोचलेलं टोक गंजून गेलं ते तिथेच.

उद्या, रविवारी, आईला एक्याऐंशी पूर्ण होणार होती. काय हवं विचारल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, "अण्णांच्या गाडीत पुढं बसून देवळात जायचंय." लग्न होऊन आल्यापासून त्या पुढे कधी बसल्याच नव्हत्या. पुढे अण्णांच्या शेजारी गुलाबाच्या टोपल्या बसायच्या, कारण मागे वाऱ्याने पाकळ्या गळत. सुभद्राबाईंच्या पाकळ्या गळत नसल्यामुळे त्या मागे, केळींवर. एवढं सांगून त्या पुढे म्हणाल्या होत्या, "आणि पट्टी लाव. पट्टीशिवाय ती आपली गाडी वाटत नाही."

पूर्वी हे निभावलं असतं. पण मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला सगळं दिसायला लागलं होतं.

पट्टी आणायला आलोशियसच गेला. आयुष्यभर बसगाड्यांचे पत्रे ठोकून निवृत्त झालेला हा सत्तरीचा शेजारी दोन्ही घरांत चहा पिणारा एकमेव माणूस होता. जितेंद्रने पडदा उतरवून पट्टी दिली आणि निरोप दिला, "आईसाठी देतोय. दुसऱ्या कुणाचा गैरसमज नको." मग तो कुंपणाशी येऊन उभा राहिला, आपल्या हद्दीत, आणि भेंडीची पानं तपासू लागला. सकाळपासून तो एकाच झाडाची पानं तपासत होता.

आलोशियसने दारावरच्या पट्टीपासून हौद्यापर्यंत सूतदोरी ताणली. दिनानाथने वाकून पाहिलं. हौद्यावरची जुनी भोकं दोरीच्या दोन बोटं वर होती.

"भोकं चुकलीत?"

"भोकं बरोबर आहेत. गाडी रिकामी आहे," आलोशियस म्हणाला. "केबिन वेगळी, हौदा वेगळा. तुझ्या बापाने ही रेघ भरल्या गाडीवर मारली होती. रिकामी गाडी त्याने चालवलीच कधी? आता कापाचा तिरपेपणा हौदा किती बसतो त्यावर ठरणार. रिकाम्या गाडीवर कापली तर उद्या माणसं चढली की टोक दाराला घासेल."

"मग खताच्या गोण्या टाकू."

"गोण्या उद्या देवळात येणार आहेत? जे बसणार त्यांनीच बसायचं."

आईपुरती त्याने सवलत दिली. तिच्या वजनाची, बेचाळीस किलो तांदळाची गोणी पुढच्या सीटवर ठेवली. स्टिअरिंगवर दिनानाथचा मुलगा सुमेध बसला. दिनानाथ हौद्यात चढला. भोकांची रेघ अर्धं बोट उतरली. त्याची बायको विनया चढली. रेघ हलली नाही. विनयाने ही स्वतःची तारीफ समजून मान्य केली.

"अजून नव्वद किलो पाहिजेत," आलोशियस म्हणाला. "मागच्या कोपऱ्यात."

कुंपणाशी भेंडीची पानं हलायची थांबली.

"उद्या तो बसणार नाहीये," दिनानाथ हळूच म्हणाला.

"मग उद्या रेघ वाकडी. मला काय, मी त्या वेळी चर्चमध्ये मिस्साला असेन." आणि आलोशियसने मान वळवून हाक मारली, "जितू, ये रे. वजन पाहिजे. माणूस नको, नुसतं वजन."

वजन म्हणून यायला जितेंद्रची हरकत नव्हती. तो फाटकातून आला, चपला काढून हौद्यात चढला आणि मागच्या कोपऱ्यात, दिनानाथकडे पाठ करून बसला. चाकांवरच्या कमानी कुरकुरल्या. दोरी आणि भोकं एका रेषेत आली.

"आता कोणी हलायचं नाही," आलोशियसने बजावलं. "बोलायचंही नाही. बोललं की पोट हलतं."

अकरा वर्षं दिनानाथला भावाशी बोलण्यासारखं काही सुचलं नव्हतं. बंदी आल्याबरोबर भराभर सुचायला लागलं. याच कोपऱ्यात अण्णांनी दोघांना केळीच्या पानांखाली झोपवून दादरला नेलं होतं, ते आठवलं. जितूला गुडघ्याचा त्रास आहे असं आई म्हणाली होती. आई रोज संध्याकाळी कुंपणाशी जितूला भेटते, हे दिनानाथला माहीत होतं. म्हणूनच तो बरोबर साडेपाचला फिरायला जायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

खाली करवतीचं पातं स्टीलवर फिरू लागलं. त्याच वेळी आंब्यावरून एक तांबडी मुंगी पडली आणि दिनानाथच्या मानेवरून सदऱ्यात शिरायला निघाली. तो श्वास रोखून बसला. ही चावली तर आपण हलणार, आपण हललो तर काप चुकणार आणि काप चुकला तर उद्या आईला काय दाखवायचं? मुंगी कॉलरपाशी पोचली.

पाठमोरा जितू कधी वळला होता कोण जाणे; मागून एक जाड बोट आलं, त्याने मुंगी टिपली आणि ते परत गेलं.

"कोण हललं?" खालून आवाज आला.

"कोणी नाही," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

विनया तोंडावर पदर धरून दुसरीकडे पाहू लागली.

आलोशियसने कानस मारून टोक गुळगुळीत केलं, पट्टी लावली, स्क्रू आवळले. दार उघडून मिटून पाहिलं. दोन टोकांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट, वरपासून खालपर्यंत सारखी. उन्हं कलली होती आणि दारापासून शेपटीपर्यंत एकच रुपेरी रेघ पळत होती.

"उतरा," तो म्हणाला.

सगळे उतरले. जितेंद्र मोरीवर जाऊन पाय धुऊ लागला. तेवढ्यात सुभद्राबाई काठी टेकत अंगणात आल्या. दिनानाथ अभिमानाने बाजूला सरला आणि त्याने स्वतःही पाहिलं. हौदा वर गेला होता. रेघ दारापाशी मोडून दोन बोटं वर सरकली होती.

"वाकडी आहे," सुभद्राबाई म्हणाल्या.

आलोशियस फडक्याने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसत राहिला.

"आई, ती रिकामी आहे म्हणून," दिनानाथ म्हणाला. "भरली की सरळ होते."

"कशानं भरायची?"

जितेंद्रने चपला घातल्या होत्या. तो फाटकाच्या दिशेने निघाला होता; फार हळू, गुडघा दुखणाऱ्या माणसाच्याही मानाने हळू. दिनानाथने पट्टीकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने हजारो दावे नामंजूर केले होते, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे कारण असायचं. आता एकही सापडेना.

"जितू," तो म्हणाला. "उद्या साडेनऊला निघायचंय. मागचा कोपरा तुझा."

जितेंद्र थांबला. वळला नाही. "कागदावर देतोस?"

"देतो. सुटं सामान म्हणून लिहितो."

जितेंद्रच्या पाठीवरून तो हसला की काय ते कळेना, पण सदरा हलला. मग तो वळला आणि म्हणाला, "अश्लेषा पण येईल. तिला कुठे बसवणार?"

"तिचं वजन किती?" आलोशियसने तातडीने विचारलं.

"विनयावहिनीएवढंच."

"मग चालेल. त्या वजनानं रेघ हलत नाही."

सुभद्राबाईंनी काठीने स्वयंपाकघराकडे खूण केली. "जितू, तिला हाक मार. जेवूनच जा दोघं. उद्यापर्यंत तुझं वजन उतरायला नको."

विनया केबिनमधल्या गोणीची दोरी सोडून सुपात तांदूळ घेऊ लागली. आलोशियसने कानस आणि करवत पिशवीत टाकली आणि जाता जाता तिला सांगितलं, "पोटभर वाढा वहिनी, पण आग्रह नको. मी अर्ध्या बोटाचीच सूट ठेवलीय."